परदेशी निघालात? मग खिशातल्या फोनचे आधी बघा

फेब्रुवारी महिना म्हटला की तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागायतदाराला दम खायलाही सवड नसते. माल काढणीला आलेला असतो, बेदाण्याच्या शेडवर माणसे लावायची असतात, व्यापाऱ्यांच्या गाड्या बांधाबांधाने फिरत असतात. आणि नेमके याच महिन्यात तिकडे जर्मनीत, बर्लिन शहरी 'फ्रूट लॉजिस्टिका' हे ताज्या फळांचे जगातले एक मोठे प्रदर्शन भरते. निर्यातीचे वेड लागलेला आपला बागायतदार आता तिथेही जाऊ लागला आहे. कोणी पदरच्या खर्चाने जातो, कोणी निर्यातदाराबरोबर जातो, कोणी कृषी विभागाच्या अभ्यास दौऱ्यातून हॉलंडची काचघरे बघून येतो. जावे, जरूर जावे. बघितल्याशिवाय माणसाला कळत नाही. पण पासपोर्ट, व्हिसा, थंडीचा कोट आणि शेंगदाण्याची चटणी या सगळ्याची तयारी महिनाभर करणारा माणूस फोनची तयारी मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी करतो. आणि तिथेच फसतो.

हे लिहायला कारण एका बागायतदाराची गोष्ट. नाव सांगत नाही, आपण त्यांना अण्णा म्हणू. चार एकर बाग, दौरा दहा दिवसांचा. निघायच्या आधी पोराने मोबाईलच्या दुकानात जाऊन 'रोमिंग चालू' करून आणले आणि वर हजार रुपयांचा बॅलन्स टाकला. दुकानदार म्हणाला, "काही काळजी करू नका, फोन तिकडं बी लागतोय." ते खोटे नव्हते. बर्लिनला उतरल्याबरोबर फोनला रेंज आली, अण्णा खूश. पहिल्या संध्याकाळी थोरल्या मुलीचा फोन, "अण्णा, पोचला का?" मग पाहुण्यांचा, सोसायटीच्या सेक्रेटरीचा, औषध दुकानदाराचा. "तिकडं बर्फ पडतोय का हो?" म्हणून शेजारच्या बापूंचा. अण्णांनी स्वतः एकही फोन लावला नाही. आलेले तेवढे उचलले. दुसऱ्या दिवशी दुपारी हजार रुपये संपले आणि फोन मुका झाला.

तिसऱ्या दिवशी व्यापारी बांधावर आला. माल आजच काढतो म्हणाला, पंधरा दिवसांनी चेक देतो म्हणाला. आपल्या भागात व्यापाऱ्याच्या चेकची कथा काय असते ते सांगायला नको. माल भरून नेलेला व्यापारी पुन्हा तोंड दाखवत नाही, असे प्रत्येक गावात एक-दोन जणांनी भोगलेले आहे. बावीस वर्षांचा पोरगा दिवसभर वडिलांना फोन लावत राहिला. शेवटी चेक नको, रोख दे म्हणून त्याने चार किलोच्या पेटीमागे वीस रुपये कमी घेऊन माल दिला. रोख मिळाली हे नशीब. पण अण्णांच्या ओळखीची दुसरी खात्रीची पार्टी होती. तिचा नंबर अण्णांच्या फोनमध्ये, आणि फोन बर्लिनमध्ये मुका.

आता यात चूक कोणाची? दुकानदाराची म्हणावी तर त्याने फोन लागेल एवढेच सांगितले होते. किती पडतील हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

येणाऱ्या फोनला पैसे?

होय. परदेशात गेलेल्या भारतीय नंबरावर फोन आला तरी, वेगळा पॅक घेतलेला नसेल तर, उचलणाऱ्याचे पैसे कापतात. आजच्या पोरांना हे खरे वाटत नाही. पण जुन्या मंडळींनी आठवून बघावे. भारतात मोबाईल १९९५ मध्ये सुरू झाला तेव्हा आपल्याकडेही येणाऱ्या फोनला पैसे पडत होते. लोक नंबर बघून फोन कट करायचे आणि एसटीडी बूथवर जाऊन उलटा लावायचे. १ मे २००३ पासून 'जो लावेल तो भरेल' असा नियम आला आणि येणारा फोन फुकट झाला. त्यानंतरही कितीतरी वर्षे म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेले की रोमिंग लागायचे, हे मिरजकरांना सांगायला नको. ते घरचे रोमिंग गेले, परदेशाचे मात्र राहिले.

त्याचे कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाते. मुलगी तासगावातून अण्णांचा नंबर फिरवते. तो नंबर भारताचा, म्हणून तिच्याकडे साधा देशातला फोन धरला जातो. तिच्या पॅकमध्ये बोलणे फुकट असेल तर तिला एक पैसाही पडत नाही. पण अण्णा तर बर्लिनमध्ये. मग आपली कंपनी तो फोन तिथपर्यंत पोचवते आणि तिथल्या कंपनीचा टॉवर वापरल्याचे भाडे त्या कंपनीला देते. हे भाडे कोणाच्या खिशातून? अण्णांच्या. म्हणजे बोलायला सुरुवात करणाऱ्याला झळ नाही आणि ऐकणाऱ्याचा खिसा रिकामा. समजा मिनिटाला ५० रुपये पडत असतील आणि तीन-तीन मिनिटांचे दहा फोन आले, तर १,५०० रुपये दिवसाचे झाले. तेवढ्यात इकडे एका मजुराची दोन-तीन दिवसांची हजेरी निघते.

इंटरनेटचे गणित याहून वाईट. ते एमबीवर मोजतात. समजा एका एमबीला ५ रुपये दर आहे. ऐकायला किरकोळ वाटतो. पण एक जीबी म्हणजे १,०२४ एमबी, म्हणजे ५,१२० रुपये. आपल्या फोनमध्ये भावकीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, बागायतदारांचे तीन ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप. सकाळी सहाला सगळीकडून फुलांची चित्रे आणि शुभ सकाळ. तुम्ही ते बघा वा न बघा, फोन आपोआप उतरवून घेत बसतो. प्रीपेडवाल्याचा बॅलन्स संपून तो सुटतो तरी. पोस्टपेडवाल्याला घरी आल्यावर बिल बघून घाम फुटतो.

तीन कामे वेगळी करा

माझे सांगणे एवढेच आहे. परदेशात फोनची तीन कामे असतात आणि ती एकाच कार्डाच्या गळ्यात बांधली की महाग पडतात. पहिले, आपला भारतातला नंबर जिवंत ठेवणे. दुसरे, इंटरनेट. तिसरे, घरच्यांशी बोलणे. यातले बोलणे इंटरनेटवरून होते, व्हॉट्सॲप बहुतेकांकडे आहेच. मग इंटरनेट स्वस्तात कुठून घ्यायचे आणि भारतातला नंबर कमीत कमी खर्चात कसा जिवंत ठेवायचा, एवढेच दोन प्रश्न उरतात.

आधी नंबराचे बघू, कारण लोक तिथेच मोठी चूक करतात. अण्णांच्या गोष्टीवरून धडा घेऊन त्यांच्या एका पाहुण्याने पुढच्या दौऱ्यात भारताचे कार्ड घरीच कपाटात ठेवले आणि हॉलंडला जाऊन तिकडचे घेतले. स्वस्तात भरपूर इंटरनेट मिळाले, रोज व्हिडिओवरून बाग बघितली. सहाव्या दिवशी मजुरांच्या टोळीचे पैसे बँकेच्या ॲपमधून पाठवायला गेले, तर ओटीपी गावाकडच्या कार्डावर. ते कार्ड कपाटात, आणि कपाटाची किल्ली यांच्या बॅगेत! हसू येते, पण टोळी निघून गेली असती तर हसू आले नसते.

आज शेतकऱ्याचा मोबाईल नंबर म्हणजे त्याची सही आहे. बँकेचा ओटीपी त्यावर, आधारचा त्यावर, शेतकरी ओळख क्रमांकाच्या कामाचा त्यावर. महाडीबीटीवर ठिबक किंवा औजारासाठी अर्ज केला असेल तर निवड झाल्याचा निरोप त्यावर, आणि कागदपत्रे चढवायला ठराविकच दिवस. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, सोसायटीचे पदाधिकारी यांची जबाबदारी तर आणखी मोठी, कारण त्यांच्या नंबरावर अडलेले काम हे एकट्याचे नसते. म्हणून भारताचे कार्ड बरोबरच न्यायचे, फोनमध्येच ठेवायचे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून घ्यायचे. तिकडे गेल्यावर चालू करू म्हटले तर त्यालाही ओटीपी लागतो. म्हणजे विहिरीत पडल्यावर दोर शोधायचा.

येणाऱ्या एसएमएसला बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये पैसे लावत नाहीत. तरी आपल्या कंपनीला विचारून खात्री करा. म्हणजे कार्ड चालू, एसएमएस येऊ द्यायचा. फोन आला तर उचलायचा नाही, आणि या कार्डाचे इंटरनेट, ज्याला सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' म्हणतात, ते बंद. एवढे जमले की नंबर जिवंत राहिला आणि खर्च जवळपास शून्य. दुसरा फोन आल्यावर तो कॉल फॉरवर्ड होण्याची सोय लावून ठेवली असेल तर तीही निघण्यापूर्वी काढून टाका.

इंटरनेट आपले की तिकडचे?

इथे दोन मार्ग. एक, आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक. दोन, ज्या देशात जातो तिथले कार्ड. दर इथे छापत नाही, कारण आज छापले तर पुढच्या महिन्यात खोटे ठरतात. पण निवड कशी करावी ते सांगता येते.

चार-पाच दिवसांची धावती फेरी असेल, माणूस वयस्कर असेल, भाषेची अडचण असेल, तर आपल्या कंपनीचा पॅक बरा. थोडे जास्त पडतात, पण कार्ड बदलायची कटकट नाही आणि जुन्या नंबरावर बोलायची मिनिटेही मिळतात. मात्र घेताना चार गोष्टी विचारा. तुमच्या देशांची नावे त्या पॅकच्या यादीत आहेत का? नुसते 'युरोप' म्हटल्यावर समाधान मानू नका, यादी वाचा. वाटेत विमान बदलायला दुबई किंवा दोहाला उतरणार असाल तर तो देश यादीत आहे का? नसेल तर तिथे फोन चालूच करू नका, विमानतळाचे वायफाय वापरा. पॅकचा दिवस कसा धरतात, चोवीस तासांचा की रात्री बारापर्यंतचा, आणि बारा वाजायचे ते भारतात की तिकडे? आणि पॅकचे इंटरनेट संपल्यावर काय होते, बंद पडते की चढ्या दराने चालू राहते? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बंद पडणारा पॅक गरिबाचा मित्र.

आणखी एक खोच आहे. पॅक तिथल्या ठराविक कंपन्यांच्या टॉवरवरच चालतो. फोन मात्र ज्याची रेंज जास्त त्याच्या गळ्यात पडतो. पॅक घेऊनही इंटरनेट चालेना तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडावे लागते. कोणत्या कंपनीचा टॉवर चालतो ते आपल्या कंपनीकडून कागदावर लिहून घ्या.

आठ-दहा दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर तिकडचे कार्ड जवळजवळ नेहमीच स्वस्त. युरोपात तर त्याचा फार मोठा फायदा आहे, आणि तो आपल्या दौरेकऱ्यांना माहीत नसतो. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांत रोमिंगचा जादा आकार बंद केला. पुढे २०२२ मध्ये तो नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढवला. म्हणजे हॉलंडमध्ये घेतलेले कार्ड जर्मनीत, बेल्जियममध्ये, फ्रान्समध्ये, इटलीत घरच्याच दराने चालते. आपली बस बर्लिनहून हॉलंडला जाताना सीमा कधी ओलांडली हे कळत नाही, तसे फोनलाही कळत नाही. अगदी स्वस्त कार्डांना दुसऱ्या देशात इंटरनेट किती वापरता येईल याची मर्यादा असते, तेवढी विचारून घ्यावी.

पण दोन ठिकाणी ठेच लागते. स्वित्झर्लंड युरोपात असले तरी युरोपीय संघात नाही. आपल्या दौऱ्यांत तर बर्फ बघायला शेवटचे दोन दिवस हमखास स्वित्झर्लंड असतेच. इंग्लंडही २०२० मध्ये संघातून बाहेर पडले. या दोन देशांत तुमचे कार्ड चालेल की नाही, किती दराने चालेल, हे त्या त्या कार्डावर अवलंबून. आणि दुसरी ठेच म्हणजे, 'घरच्या दराने' याचा अर्थ संघातल्या देशांपुरता. त्या कार्डावरून थेट भारतात साधा फोन लावाल तर तो परदेशी फोन, आणि त्याचा दर वेगळा. भारतात बोलायचे ते इंटरनेटवरूनच.

कार्ड घ्यायचे कुठे? विमानतळावरच्या दुकानात सोय असते, पण तिथे भाव चढे. आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या पाण्याच्या बाटलीसारखे. शहरात गेल्यावर किराणा मालाच्या मोठ्या दुकानातही प्रीपेड कार्डे टांगलेली असतात. हॉलंडमध्ये प्रीपेड कार्डाला ओळखपत्राची सक्ती नाही. जर्मनीत २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय कार्ड सुरू होत नाही आणि त्यात वेळ जातो. म्हणून दौरा दोन्ही देशांचा असेल आणि विमान आधी हॉलंडला उतरत असेल, तर कार्ड तिथेच घेऊन मोकळे व्हा. पासपोर्ट मात्र सगळीकडे जवळ ठेवायचाच.

दौऱ्यातल्या प्रत्येकाने स्वतंत्र कार्ड घेतलेच पाहिजे असेही नाही. एकत्र फिरणारे दोघे-तिघे असतील तर एकाने जास्त इंटरनेटचे कार्ड घ्यावे आणि आपल्या फोनवरून बाकीच्यांना हॉटस्पॉट द्यावा. पाण्याची पाळी असते तशी पाळी लावा म्हणा ना. फक्त ज्याच्याकडे कार्ड आहे त्याचा हात सोडायचा नाही. तो चुकला तर सगळेच चुकले.

हल्ली ई-सिम नावाचा प्रकार आला आहे. यात हातात धरायला कार्डच नसते. घरी बसून विकत घ्यायचे, एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र फोनने टिपायचे, की कार्ड फोनच्या पोटात बसते. जुने कार्ड काढावेही लागत नाही. पण प्रत्येक फोनला हे जमत नाही. तुमच्या फोनला जमते का हे बघायला स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश फिरवा. पडद्यावर 'ईआयडी' नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोन त्या लायकीचा. प्रवासी ई-सिमवर बहुधा फक्त इंटरनेट मिळते, नंबर मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. विकणाराही पारखून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये असे ई-सिम विकणाऱ्या दोन परदेशी ॲपना सरकारच्या सांगण्यावरून भारतातल्या ॲप दुकानांतून काढले गेले होते. दूरसंचार विभागाची परवानगी घेऊन परदेशी कार्डे इथेच विकणाऱ्या कंपन्याही आहेत. तक्रार करायला मराठी-हिंदीत बोलणारा माणूस भेटतो हा त्यांचा फायदा.

फोनमध्ये दोन कार्डांच्या जागा असल्या तरी एक बघा. पुष्कळ फोनमध्ये दुसऱ्या जागेत मेमरी कार्ड बसवलेले असते, आणि दोन्ही एकदम बसत नाहीत. ते घरीच काढून ठेवा. एकाच कार्डाचा फोन असेल तर घरातला जुना चालू फोन बरोबर न्या आणि भारताचे कार्ड त्यात घाला. रात्री हॉटेलवर तो उघडून एसएमएस बघायचे. कार्डाची जागा उघडायची टाचणी विसरू नका. आणि काढलेले नखाएवढे कार्ड खिशात टाकू नका, चिकटपट्टीने पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटवा.

तिकडचे कार्ड घातल्यावर व्हॉट्सॲप विचारते, नंबर बदलायचा का? तिथे 'नाही' म्हणायचे. व्हॉट्सॲप जुन्याच भारतीय नंबरावर चालू राहते, फक्त इंटरनेट नव्या कार्डाचे वापरते. एकाने तिथे 'हो' म्हटले आणि दहा दिवस सगळे ग्रुप त्यांना विचारत बसले, हा कोणाचा नंबर?

घरच्यांनाही शिकवून जा

एवढी सगळी तयारी केली आणि घरच्यांना सांगितले नाही तर फुकट. साधा फोन लावायचा नाही, व्हॉट्सॲपवरून लावायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, व्यापाऱ्याला, टोळीच्या मुकादमाला आणि हो, शेजारच्या बापूंनाही सांगून ठेवा. आईला व्हॉट्सॲप येत नसेल तर तिच्यासाठी वेळ ठरवा. हिवाळ्यात जर्मनी-हॉलंडचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन तास. आपल्याकडे दुपारचे दोन वाजले की तिकडे फेब्रुवारीत सकाळचे साडेनऊ. व्यापारी बांधावर येतो सकाळी आठला, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन. म्हणजे आणीबाणीला उठवायचे की नाही, तेही आधीच ठरलेले बरे. रात्री हॉटेलच्या वायफायवरून निवांत बोलता येते. पण असल्या सार्वजनिक वायफायवर बँकेचे ॲप उघडू नका, त्याला स्वतःच्या कार्डाचे इंटरनेट वापरा.

मजुरीची, औषधाची रक्कम मुलाच्या खात्यावर आधीच टाकून जा. व्यापाऱ्यांचे, डॉक्टरचे, लाइनमनचे नंबर वहीत उतरवून घरी ठेवा. अण्णांचे खरे नुकसान त्या न लिहिलेल्या एका नंबराने झाले.

मुलाकडे अमेरिकेला, उमराहला, पशुपतिनाथाला

अभ्यास दौरा सगळ्यांच्या नशिबी नसतो. पण सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणारी आई आता गावोगाव आहे. तिच्या हातात बटणाचा साधा फोन देऊ नका. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी जुने ३जी जाळे २०२२ मध्येच बंद केले, आपला जुना फोन तिथे नुसता डबा. ऑस्ट्रेलियातही २०२४ मध्ये तेच झाले. चांगला ४जी फोन असेल तर मुलाच्या घरच्या पॅकमध्येच आईची एक लाइन वाढवून घेणे बहुधा सगळ्यांत स्वस्त पडते. मुक्काम पाच-सहा महिन्यांचा, म्हणून इकडच्या कार्डाचे रिचार्ज मात्र घरच्यांनी संपू द्यायचे नाही. रिचार्ज संपले की आधी जाणारे फोन बंद, मग येणारे, आणि शेवटी नंबर दुसऱ्याच कोणाला दिला जातो. त्या नंबराला पेन्शनचे बँक खाते जोडलेले असते.

हज-उमराहला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. सौदी अरेबियात २०१६ पासून कार्ड घेताना बोटांचे ठसे द्यावे लागतात. उभी हयात खुरपे आणि फावडे धरलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत. आपल्याकडे रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होतात ते तुम्ही बघताच. अशा वेळी बरोबरच्या तरुणाने आपल्या नावावर कार्ड घ्यावे आणि हॉटस्पॉट द्यावा, किंवा म्हाताऱ्यांना इथूनच भारतीय पॅक टाकून पाठवावे. दुबई-अबूधाबीकडे जाणाऱ्यांसाठी वेगळी गोम आहे. तिथे व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, पण त्यावरून बोलणे वर्षानुवर्षे अडवलेले राहिले आहे. म्हणून तिकडे नोकरीला असलेली आपली पोरे 'बोटीम'सारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. निघण्यापूर्वी तेच ॲप दोन्हीकडच्या फोनवर टाकून एकदा बोलून बघा.

नेपाळला बसने जाणाऱ्या यात्रेकरूंना तर तो परदेश वाटतच नाही. पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येते. पण फोनच्या दृष्टीने सुनौलीची कमान ओलांडली की तो पक्का परदेश. रोमिंग नसेल तर फोन बंद, असेल तर मीटर चालू. पन्नास जणांच्या बसमध्ये यात्रा काढणाऱ्याने तरी नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचे कार्ड घ्यावे आणि तो नंबर प्रत्येकाच्या घरी आधीच्या मुक्कामावरून कळवावा. नेपाळचा नंबर ९७७ ने सुरू होतो. घरच्यांना हे सांगितले नाही तर अनोळखी परदेशी नंबर म्हणून ते उचलणारच नाहीत, आणि एरवी तसे न उचलणेच शहाणपणाचे आहे. परदेशी नंबरावरून एक रिंग देऊन उलटा फोन करायला लावणारे भामटे कमी नाहीत.

विमानात बसल्यावर फोन विमान-मोडवर टाका, हे हवाई सुंदरी सांगते म्हणूनच नव्हे. काही विमानांत आणि पर्यटकांच्या जहाजांत उपग्रहावरचे स्वतःचे नेटवर्क असते. फोन त्याला चिकटला तर त्याचा दर कोणत्याही देशाच्या पॅकमध्ये बसत नाही. अडीअडचणीला मात्र एक आकडा सगळ्या युरोपीय संघात एकच आहे, ११२, आणि आता भारतातही तोच आहे. तो, आपल्या वकिलातीचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता, हे तीन कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते, कागदाची उतरत नाही.

अण्णा यंदा पुन्हा निघाले आहेत. या खेपेला त्यांनी दुकानदारासमोर अर्धा तास बसून पॅकची यादी वाचून घेतली, देशांवर पेनने खुणा केल्या. पोराला दोन्ही व्यापाऱ्यांचे नंबर वहीत उतरवून दिले. बापूंच्या नातवाने बापूंच्या फोनवर व्हॉट्सॲप टाकून दिले आहे. बर्फाचा फोटो पाठवायचा, असे ठरले आहे.